आमच्या ताईच्या दारातलं झाकण

माझे भाऊजी नगरसेवक. वॉर्डातल्या प्रत्येक उघड्या गटारावर त्यांनी मागे लागून झाकण बसवून घेतलं, म्हणून लोक त्यांना ‘झाकणवाले’च म्हणायचे. फुटकं राहिलं ते एकच, त्यांच्या स्वतःच्या दारासमोरचं.

“आपलं आधी केलं तर लोक नावं ठेवतील,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

“सगळ्या वॉर्डाचं बघता आणि माझ्या तोंडाला पानं पुसता,” ताई चिडून म्हणायची आणि त्या भगदाडावर बादली पालथी घालायची. दोघं बाहेर निघाले की भाऊजी आधी पलीकडे जायचे, मग न बघताच मागे हात करायचे. तो धरून ताई यायची.

एका सकाळी कचऱ्याच्या गाडीने बादली उडवली. भाऊजी कुणाच्या तरी नळाची तक्रार घेऊन गेले होते. ताई दूध आणायला एकटीच निघाली, तिचा पाय आत गेला आणि डोकं गटाराच्या काठावर आपटलं. ती दवाखान्यातून परत आलीच नाही.

त्याच आठवड्यात कामगार न सांगता नवं झाकण बसवून गेले.

“आता नाही ना लोक नावं ठेवत?” मी भाऊजींना तोंडावर विचारलं आणि बोलणं टाकलं.

काल एका कागदावर त्यांची सही हवी म्हणून जावंच लागलं. ते कुणाच्या तरी गल्लीतल्या बंद दिव्यासाठी निघालेच होते, मी त्यांच्या मागोमाग बाहेर पडलो. झाकण ओलांडून ते थांबले आणि न बघताच त्यांनी मागे हात केला.

मला तो धरवला नाही.