मिशीतली शिवण

सुनंदाताई गेल्या, हे त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी पोलादपूरच्या स्टँडवर उतरत होते. त्यांनाच भेटायला निघाले होते... त्याला आता दीड महिना होईल. आधीच्या भेटीत अंथरुणावरूनही त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, नवीन काय सापडलं?"

महाडच्या आमच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. सुनंदाताई तिथे प्रयोगशाळा परिचर होत्या. माहेर कुडपणचं, शिक्षण दहावी, घरी गेल्यावर शेजारणींचे ब्लाउज शिवायच्या. मी परोपजीवी गांधीलमाश्यांचा अभ्यास सुरू केला तेव्हा काचपट्ट्या धुऊन देणं एवढंच त्यांचं काम होतं. गांधीलमाशी म्हटलं की डंख आठवतो. ही मात्र टाचणीच्या डोक्यावर दोन-चार मावतील एवढी, पतंगांच्या अंड्यांत आपलं अंडं घालणारी. पायाच्या टोकाला तीनच पेरं दिसली की ती या कुळातली. पुढची ओळख मिशांची घडण आणि पंखांवरचे केस पाहून पटवायची. एकदा मी जेवून परतले तर ताई मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या. "मॅडम, ह्या दोघींना तुम्ही एका डबीत ठेवलंत, पन त्या बहिणी नाय हायत. हिचे केस रांगेत हायत, हिचे विस्कटलेले." मी पाहिलं. चूक माझी होती.

त्या दिवसापासून त्या माझ्या शेजारी बसू लागल्या. सुट्टीत कुडपणला गेल्या की नाचणीच्या बांधावर साबणाच्या पाण्याच्या पिवळ्या थाळ्या मांडायच्या. पिवळ्या रंगावर माश्या उतरतात. तिथंच एक वेगळी वाटणारी माशी मिळाली. एकूण तीन नमुने. एक पुण्याच्या तज्ज्ञांना पाठवला. त्यांनी कळवलं, मिशीचं टोक अखंड आहे, जात जुनीच. मी विषय मिटवायला निघाले.

"त्यात शिवण हाय मॅडम, दोन तुकडे जोडल्यावानी. धा वेळा बगितलं मी."

"ताई, ते चाळीस वर्षं हेच बघतायत."

"मग त्यांना चांगली काच दाखवूया."

दुसरा नमुना काचेवर बसवताना चुरगळला. शेवटचा त्यांनी आठ दिवस औषधात ठेवून पारदर्शक केला आणि श्वास रोखून, मिशी आडवी येईल असा बसवला.

आम्ही पाठवलेले त्याचे फोटो पाहून तज्ज्ञ स्वतःच महाडला आले. बराच वेळ डोळा लावून बसले... मग उठून म्हणाले, "बाई, शिवण आहे. एक नाही, दोन आहेत."

"दुसरी मला पन कालच दिसली," ताई म्हणाल्या.

नवी जात ठरली. शोधनिबंधाच्या लेखकांत सुनंदाताईंचं नाव छापलं गेलं, तेही पहिलं. तज्ज्ञांनीच तसा आग्रह धरला. माशीला ताईंनी कुडपणचं नाव द्यायला लावलं. गावात पेढे वाटताना काकीनं विचारलं, "चावते का गो?" "नाय गो, पीक राखते. पतंगाची अळी व्हायच्या आधीच अंडं संपवते." अख्खं घर हसत होतं.

ताईंची उंची कमी. म्हणून प्रयोगशाळेतल्या खिडकीजवळच्या स्टुलावर त्यांनी दोन फळकुटं ठोकून घेतली होती. परवा प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक ते पुढे ओढून त्यावर बसता बसता थांबले. "हे असं का?"

"हे आमच्या संशोधक बाईंचं स्टूल," मी म्हटलं.

त्यांनी हलकेच ते परत खिडकीशी सरकवलं आणि परीक्षा उभ्यानं घेतली.