हलव्याची पाकिटं

संक्रांतीला अजून दहा दिवस आहेत आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर पाकिटं मांडलेली आहेत. सुमन, माझी बायको, एकेका भेटकार्डात हलव्याची चपटी पुडी ठेवते, पत्ता लिहिते आणि वहीतल्या नावापुढे खूण करते. कोणी घर बदललं, कोणाकडे यंदा सण नाही, सगळं त्या वहीत आहे. कार्डाखाली नाव मात्र माझं एकट्याचं.

"तुम्ही कधी विसरत नाही," असं लोक म्हणतात आणि चाळीस वर्षं मी ते हसून घेतलं आहे. माणसांविषयीची माया अशी दुपारभर पाठ वाकवून बसते, हे मी समोर बसून पाहिलं, पण कोणाला सांगितलं नाही.

इतक्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, यंदा तुझं कार्ड येतंय ना?"

"अगं, मी आजवर एकही पाठवलेलं नाही. सगळी तुझ्या वहिनीने पाठवली."

"अक्षरावरून कळतं की! तू कबूल कधी करतोस, तेच बघत होते."

सुमनने मान वर केली नाही. "कबुली झाली असेल, तर तो डिंक द्या इकडे."

मी डिंक दिला आणि उरलेल्या कार्डांवर माझ्या नावाआधी तिचं नाव लिहायला बसलो.