कौल कोणाचा घेतला?

कोणाच्या घरावर कौलं चढताना दिसली, की ठाणे शहरातली ती घटना मला आजही आठवते आणि थोडी शरमही वाटते.

मी तेव्हा तिथे फौजदार होतो. बाजारातून बातमी आली, की एका पेन्शनर कारकुनाच्या घराची दुरुस्ती म्युनिसिपालिटीने थांबवली आहे. जुनी भिंत पाडून ओटा रस्त्याकडे पुढे घेतलेला, आणि परवान्याचा पत्ता नाही. दुपारी कारकून स्वतःच चौकीवर आले.

"गवंड्याने मला फसवलं," ते म्हणाले. "मक्ता दिला तेव्हाच विचारलं होतं. परवानगी घेतली म्हणून तोंडावर सांगितलं त्याने!"

हवालदाराने फिर्याद लिहून घेतली. गवंडी शेजारच्या कोपरी गावचा, मिठागरावर वाढलेला, पन्नाशीचा माणूस. शिपायाने त्याला आणून चौकीच्या ओसरीवर बसवलं. कोपरीची माणसं मासळी घेऊन बाजारात जात होती. जो तो थबकून बघत होता. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग होता, आणि नाही झाला तरी 'फसव्या' म्हणवलेल्या माणसाच्या हाती आपलं घर कोण देणार?

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. खोटं बोलणारा आधी नाकारतो, मग अडखळतो. हा नाकारतच नव्हता.

"परवानगी घेतलीस?"

"घेतली ना."

"कोणी दिली?"

"आयनी."

"तुझी आई म्युनिसिपालिटीत आहे काय रे?" मी आवाज चढवला.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "नाय रावसाहेब. आयनी कौल दिला. उजवा दिला. तवाच मी भितीला हात लावला."

हवालदाराची लेखणी थांबली. मी देशावरचा, हवालदार कोकणातला. हसू दाबत तो म्हणाला, "रावसाहेब, हा गावदेवीचा कौल सांगतोय. देवीला फुलं लावतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार."

मी कारकुनांना पुन्हा बोलावलं. "त्याला नेमकं काय विचारलंत? तोच शब्द सांगा."

ते जरा घुटमळले. "कौल घेतलास का, असं विचारलं."

त्यांचा जन्म जमाबंदीच्या दप्तरात गेलेला. त्यांच्या लेखी कौल म्हणजे सरकारने लिहून दिलेला होकार. गवंड्याच्या लेखी देवीचा. दोघंही खरं बोलत होते, आणि मी मध्ये बसून गुन्हा शोधत होतो!

मग म्युनिसिपालिटीत चौकशी केली. तिथे सरळ सांगितलं, घर ज्याचं, अर्ज त्याच्या सहीचा; मक्तेदार फार तर तो आणून देईल. गवंड्याला तर सहीच येत नव्हती. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिलेल्या कारकुनांना स्वतःच्या घराचा एक अर्ज सुचला नव्हता. मक्ता दिला की सगळंच मक्तेदाराच्या गळ्यात, अशी त्यांची समजूत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

फिर्याद मागे घेतली गेली. अर्ज गेला, नकाशात ओटा मागे सरला, परवाना आला. कारकून स्वतः कोपरीला जाऊन गवंड्याला बोलावून आले.

तिसऱ्या दिवशी गवंडी चौकीवर आला. बस म्हटलं तरी ओसरीवर बसला नाही.

"कागद आला, रावसाहेब. पन मी परत कौल लावला. डावा पडला. आता त्या घराला मी हात नाय लावनार."

कारकुनांना कल्याणहून दुसरा गवंडी आणावा लागला. त्या दिवसापासून कोणी 'हो' म्हणालं, की मी आधी विचारू लागलो, कशाला हो आणि कोणाचा हो. पुढच्या नोकरीत त्या एका प्रश्नाने पुष्कळ निरपराध माणसं ओसरीवरून उठवली. त्याला मात्र मी संध्याकाळपर्यंत बसवलं होतं, साऱ्या गावासमोर.

देवीचं फूल खरंच डावीकडे पडलं होतं का, याचा तपास मी केला नाही.