पुष्पाबाईंच्या ताब्यातली पिंपं

आमच्या पुष्पाबाईंना वाइनचं काहीच पटत नाही आणि वाइनच्या खोलीची किल्ली मात्र त्यांच्याच कमरेला असते. नशिराबादच्या पुढे हिलाल आबांचा द्राक्षमळा आहे आणि मळ्यातच वाइनचा कारखाना. पुष्पाबाई आबांची भावजय, म्हणजे घरातल्याच. मी तिथे बाटल्यांना लेबलं लावते आणि दिवसभर त्यांचे प्रश्न ऐकते.

प्रश्न काही खोटे नसतात. वेलीवरचे निम्मे घड कच्चेच कापून फेकायचे, का, तर उरलेल्यांत रस उतरावा म्हणून. रस सालींसकट आंबवायचा, म्हणजे रंग चढतो. आणि चांगली तयार झालेली वाइन ओकच्या पिंपांत वर्षभर कोंडून ठेवायची, लाकडाचा वास लागावा म्हणून! "पानीले वास लागना ते आपण फेकी देतस, आन ह्या लोके तेनंच कौतुक करतस," असं म्हणून त्या कपाळाला हात लावतात.

सगळ्यांत मोठा घोळ पिंपांतली वाइन कमी होण्याचा. बूच घट्ट, गळती नाही, तरी वाइन आपली खाली जाते. "आठे कोन पेस व?" इथे कोण पितं म्हणून त्या माझ्याकडेच संशयाने बघायच्या. वाइन बनवते आबांची मुलगी सुलक्षणाताई. तिने समजावलं, की लाकडातून थोडी वाइन उडून जाते, रिकाम्या जागेत हवा शिरली की उरलेली आंबते, म्हणून दर आठवड्याला पिंप काठोकाठ भरायचं. पुष्पाबाईंनी मान डोलावली. कळलं किती, ते देव जाणे.

उन्हाळ्यात ताईच्या सासूबाईंचं धुळ्याला ऑपरेशन झालं आणि ताई दोन महिने सासरी अडकली. सहाही पिंपं पुष्पाबाईंवर आली. त्यातच पिंपं भरायला राखून ठेवलेली वाइन संपली. ताई फोनवर म्हणाली, "कोपऱ्यातल्या टाकीतली घे, काकू. नाशिकहून आणलीय, पण चालेल."

पुष्पाबाई त्या टाकीकडे फिरकल्याच नाहीत. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, तेव्हा नैवेद्याला गव्हाचे रोट करतात. रोटाचं पीठ घरचं, खाणारे भाऊबंद. बाहेरचं त्यात मिसळत नाही आणि त्यातलं बाहेर जात नाही, लग्न करून दिलेल्या लेकीलासुद्धा नाही. आबांच्या घरचे रोट पुष्पाबाईच मळतात. त्या हातांनी घरच्या पिंपात नाशिकची वाइन ओतायची? त्यांनी एका पिंपातली काढून बाकीची पाच भरली. सगळी एकाच मळ्याची, एकाच कुळाची! सहावं अर्ध्यावर आलं, त्याला गच्च बूच मारलं. मलाही वाटलं, बाईंनी डोकं चालवलं. आम्ही दोघी सारख्याच शहाण्या.

ताई परतली, सहाव्या पिंपाचं बूच काढलं आणि तिने तोंडच फिरवलं. वर्षभराची मेहनत, आणि आत नुसतं व्हिनेगर.

"टाकीतली का नाही घातलीस?"

"ते बाहेरनं शे," पुष्पाबाई रडकुंडीला आल्या. "घरनामां बाहेरनं कसं टाकू, माय?"

ताईने हातातलं बूच खाली ठेवलं. "आणि मी, काकू? माझं लग्न झाल्यापासून तू मला रोटाचा तुकडा दिला नाहीस. हा मळा मी लावला."

"तू काबरं बाहेरनी व्हशी?" पुष्पाबाई पटकन बोलून गेल्या. त्यांनी कमरेची किल्ली सोडून ताईपुढे धरली. आता आपलं काम गेलंच, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

ताईने त्यांची मूठ मिटवली. "राहू दे तुझ्याकडे. किल्ली घरच्या माणसाकडेच असावी."

ती माफी होती की टोमणा, हे पुष्पाबाई मला अजून विचारतात. मला काय सांगता येणार? श्रावण जवळ आलाय. रोटाचे गहू निवडता निवडता त्यांचा हात मध्येच थांबतो.