गोपाळीला चारायला नेणारे मामंजी

जगात झाडाला चारायला नेणारा माणूस एकच आहे आणि तो आमच्या घरात राहतो, हे मी कुणासमोरही मान ताठ करून सांगते. कुणाचे सासरे निवृत्त तहसीलदार असतात, कुणाचे अमेरिकेला जाऊन आलेले असतात. असू देत. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामंजींनी, उभा जन्म मेंढरं राखली. पायी चालण्यातच आयुष्य गेल्यामुळे त्यांच्या चालीत असा काही डौल आहे, की कोथिंबिरीची जुडी घेऊन आले तरी मुलूख जिंकून आल्यासारखे दिसतात.

सासूबाई गेल्या, मामंजींना कमी दिसू लागलं, तेव्हा मेंढरं पुतण्याच्या हवाली करून आम्ही त्यांना कन्नडकडच्या डोंगरातून शहरात आणलं. त्याच शहरातल्या सातारा परिसर नावाच्या भागात आमचा फ्लॅट आहे. मामंजी आले आणि आमच्या फ्लॅटचा वाडगा, म्हणजे मेंढरं कोंडायची जागा, झाला. रात्री ताटं मांडली की ते आधी सगळ्यांना मोजतात. पाहुणे आले तर त्यांनाही मोजतात आणि मधेच कुणी हात धुवायला उठलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. लिफ्टमध्ये कधी आधी शिरत नाहीत. दारात काठी आडवी धरून सगळ्यांना आत घालतात, मागे कुणी राहिलं नाही ना बघतात आणि शेवटी स्वतः येतात. तोवर लिफ्ट केकाटत असते. एकदा जालना रोडवर सिग्नल बंद पडला होता. मामंजी काठी पसरून मधोमध उभे राहिले, जिभेनं 'हुर्रर्र' केलं, आणि एरवी कुणाच्या बापाला न जुमानणाऱ्या रिक्षा मुकाट थांबल्या. मागून आम्ही सगळे ओळीनं रस्ता ओलांडला. त्या दिवशी मला थांबलेल्या प्रत्येक रिक्षात डोकावून सांगावंसं वाटलं, की हे माझे सासरे.

गावाहून येताना त्यांनी भांडी आणली नाहीत, देव आणले नाहीत. तेलाच्या रिकाम्या डब्यात मुरूम भरून गोपाळीचं एक झुडूप आणलं. गोपाळी ही तुळशी-पुदिन्याच्या गोतातली रानवनस्पती. चौकोनी दांडा, लवदार पानं, जांभळट ओठांची फुलं, आणि पान चुरगळलं की डोकं खडबडून जागं करणारा उग्र वास. शेतातल्या काळ्या मातीचं हिला कौतुक नाही. डोंगराच्या उतरणीला, पाऊलवाटेच्या कडेला, दगडगोट्यांत ही आपली मजेत असते. "हिला मेंढरू तोंड लावीत नाय," मामंजी अभिमानानं सांगतात. "सगळा माळ चरून व्हतो, ही तशीच उभी. उन्हाळ्यात वाळती, पण मरत नाय. दिवाळीनंतर आमी मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरायचो. पावसाळ्यात माघारी आलो का ही त्याच जागी फुटलेली." आमच्या पाहुण्यांना चहाच्या आधी तिचं एक पान हुंगावं लागतं. जो नाक मुरडेल त्याच्याशी मामंजी पुढे फारसं बोलत नाहीत.

आल्या दिवशीच त्यांनी ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगून टाकलं. "ही इथं जगली तर मी ऱ्हाईन. नाय जगली तर गावाकडं जाईन. मंग अडवायचं नाय." हे वरवर हसले, पण रात्रभर कूस बदलत राहिले. गावात मामंजींचं करणारं कुणी नव्हतं. पुतण्या अर्धं वर्ष रानोमाळ असतो. आता आमच्या घराचं सगळं सुख त्या तेलाच्या डब्यात येऊन बसलं.

आणि मामंजी त्या डब्याला चारायला नेऊ लागले. सकाळी कोवळ्या उन्हाला गच्चीवर, दुपारी पार्किंगच्या सावलीला, संध्याकाळी मागच्या मोकळ्या प्लॉटवर. डबा कमरेवर, काठी हातात. शेजारच्या खालांनी, म्हणजे आमच्या मुसलमान मावशींनी, एकदा जिन्यात विचारलं, "भाईसाब, ये झाड कू कहाँ लेके जारे?"

"चारायला," मामंजी म्हणाले.

खालांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. पण धनगराच्या जिवाला जे मानवतं ते मुळांना मानवेना. रोजच्या हिंदकळण्यानं मुरूम सैल झाला, पानं माना टाकू लागली. मामंजींना वाटलं चारा बदलायला हवा, म्हणून ते तिला आणखी लांब नेऊ लागले. माझा जीव तीळतीळ तुटायचा. शेवटी एका संध्याकाळी मी जिन्यात आडवी उभी राहिले.

"मामा, तिला एका जागी राहू द्या."

"एका जागी कुणी जगतं व्हय?" ते तडकले.

"ही जगली की. मेंढरं घेऊन जायचात ते तुम्ही. ही तिथंच असायची."

मामंजींनी डबा तिथंच पायरीवर टेकवला. इतका साधा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या भिंतीलगत, बिल्डरनं टाकलेल्या मुरमात खड्डा केला, गोपाळी लावली आणि तिच्याकडे पाठ करून घरात आले. काही दिवसांनी ती बुडातून फुटली. ह्यांनी पेढे आणले आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटले. कशाबद्दल ते सांगताना मात्र त्यांची पंचाईत झाली.

यंदा दिवाळीनंतर पुतण्याची मेंढरं बायपासवरून गोदाकाठाला निघाली. मामंजी पटका बांधून भेटायला गेले, मीही सोबत गेले. पुतण्या म्हणाला, "चल की तात्या, घोड्यावर बसून चल." मामंजींनी एक कोकरू उचलून छातीशी धरलं, बराच वेळ धरलं, मग खाली ठेवलं. "नाय बा," म्हणाले. कळप वळणाआड गेला तरी ते त्याच दिशेला तोंड करून उभे होते.

परतताना मी विचारलं, "मामा, जावंसं वाटत होतं ना?"

"शबूद दिलता ना माय. जगली ती." काठीनं त्यांनी वाटेतला एक खडा बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "खरं सांगू? ह्या सिमिटात ती जगंल असं मला वाटलंच नव्हतं."

मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही.