आईचं पाऊल आखूड का पडतं

आई अंघोळ करून आली की लादीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे उमटतात. एकदा फडका मारायला वाकले आणि थांबलेच. एका ठशाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकत होती. मी माझे पाय ओले केले आणि तिच्या ठशांशेजारून चालून पाहिलं. माझ्या एका पावलात तिची दोन बसत होती.

"काय गो, पाण्यात खेळतंस काय?" आईने विचारलं.

मला हसू आलं नाही. आमच्या दहिसरच्या बिल्डिंगसमोर मोठा रस्ता, आणि मासळीबाजार पलीकडे. त्याच आठवड्यात सिग्नल बदलला तेव्हा आई मधेच होती. दुभाजकाला धरून उभी, दोन्हीकडून हॉर्न. घरी येऊन तिने पिशवी माझ्याकडे फेकली. "आजपासून मासे तू हाड."

मी आणले. तिने बांगड्याचा कल्ला उघडला आणि माझ्याकडे बघितलं. "बी.कॉम. झालंस, पण मासे कळनत नाय तुका."

बाजार हेच तिचं बाहेर पडणं. ते सुटलं की ती सोफ्यावरच राहणार, हे मला दिसत होतं.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि याचा मला अभिमान आहे. म्हणूनच 'वय झालं' एवढ्यावर गप्प बसवेना. वय झालं हे खरं, पण ते पायात नेमकं शिरतं कुठे?

मी आईला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिथल्या तरुण मुलीने तिला टेबलावर उताणं झोपवलं आणि एक गुडघा पोटाशी धरायला सांगितलं. दुसरी मांडी आपोआप वर उठली.

"मावशी, ती खाली टेकवा ना."

"टेकवतंय गो, ती ऐकना नाय!"

ती मुलगी म्हणाली, जांघेचा पुढचा स्नायू आखडलाय. दिवसभर बसून बसून होतं असं. त्यामुळे पाय मागे जातच नाही. आणि मागचा पाय मागे राहिला नाही, तर पुढचं पाऊल लांब पडणार कसं?

मी इतकी वर्षं चालतेय, पण पाऊल मागच्या पायावर ठरतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं. रिक्षात बसेपर्यंत मी आणि आई दोघी फुटपाथवर स्वतःचे मागचे पाय बघत चाललो होतो.

व्यायाम साधा. ओटा धरायचा, एक पाय मागे, टाच जमिनीवर, पाठ ताठ ठेवून कंबर पुढे. आई आरतीचं एक कडवं पुटपुटायची, तोवर धरून ठेवायची. मग दुसरा पाय. सुरुवातीला नुसती छाती पुढे ढकलायची.

"आई, ओट्याला नको ढकलूस, कंबर पुढे घे."

"ओटो काय पळान जातलो?"

गणपती येऊन गेले. एका सकाळी तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "चल, बघूया."

सिग्नलवर हिरवा माणूस दिसला आणि ती निघाली. मी मुद्दाम हात धरला नाही. दुभाजक गेला, ती थांबली नाही. पलीकडच्या फुटपाथवर एक पाय चढला आणि दुसरा अजून रस्त्यावर असताना सिग्नल बदलला. रिक्षावाल्याने हॉर्न मारला. आईने पिशवी त्याच्यावर उगारली. "थांब रे मेल्या!"

व्यायामाने झालं की बाजाराच्या ओढीने, मला सांगता येणार नाही. मी तिला बाजाराकडे वळवायला गेले, तर ती रस्त्याकडेच बघत उभी.

"एक पाय मागे रवलो," ती म्हणाली. "परत जावया. ह्या खेपेक दोनय पोचतत काय बघूया."