पलीकडे जाणारी बोट

मुरब्याहून फोन आला तेव्हा मी नुकतीच आंघोळ करून बाहेर आले होते. हिराच्या भाच्याचा, नितेशचा फोन. "मावशी, आत्या गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेली?" त्याच्या मागून बायकांचं रडणं ऐकू आलं, तेव्हा मला कळलं. हिरा आदल्या दिवशीच मुरब्याला भावाकडे गेली होती, भाचीच्या साखरपुड्याच्या तयारीला. सकाळी ओट्यावर बसून चहा घेतला, कप खाली ठेवला, भिंतीला टेकली ती टेकलीच. फोन ठेवला आणि मी काय केलं, तर दार उघडून समोरच्या दारासमोर जाऊन उभी राहिले. बावीस वर्षं बरी-वाईट कुठलीही बातमी आली की मी आधी ती समोर जाऊन हिराला सांगत असे. पाय सवयीने गेले. दाराला कुलूप होतं. तिच्या मरणाची बातमी तिलाच सांगायला आलो आहोत, हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला.

आज त्याला दीड महिना झाला. हिरा कोणी मोठी बाई नव्हती. आमच्या बोईसरच्या सोसायटीत तिला सगळे 'सिस्टर' म्हणत. सरकारी आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून तिने बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी आतल्या डोंगराकडच्या पाड्यांवर. मूळची ती मुरब्याची. मुरबे आणि सातपाटी ही गावं समोरासमोर, मधे खाडी. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून लोक होडीने पलीकडे जातात. हिरा हायस्कूलला होडीने गेली, नर्सिंग शिकायला निघाली तीही होडीने, आणि पालघरला पहिली नोकरी लागली तेव्हा कितीतरी वर्षं रोज सकाळी होडीने सातपाटीला उतरून पुढची एस.टी. पकडत असे. ओहोटीला होडी काठापर्यंत येत नसे. मग पांढऱ्या साडीच्या निऱ्या वर खोचून, चपला हातात घेऊन चिखलातून चालायचं. "पालघरला पोचेपर्यंत पाय वाळायचे, नि मग चिखल आपला आपण झडायचा," ती सांगायची. वडील लवकर वारले. दोन भावांची शिक्षणं आणि लग्नं तिने केली. स्वतःचं राहून गेलं. 'राहून गेलं' हे तिचेच शब्द, आणि त्यापुढे ती कधी काही बोलली नाही.

मी सोलापूरची. लग्न होऊन इथे आले आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, तीस वर्षं नमुने तपासत बसले. नखांतला निळा रंग निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी गेला. मुलगी लग्न होऊन जबलपूरला. पाच वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा तेराव्यानंतर पाहुणे पांगले त्या संध्याकाळी हिरा स्वतःची चादर आणि उशी घेऊन आमच्याकडे आली, म्हणाली, "मी हॉलमधे पडते," आणि तीन महिने झोपायला येत राहिली. मला विचारलं नाही, मीही का म्हणून विचारलं नाही. एके दिवशी मी सकाळी उठून स्वतःहून पोहे केले. त्या संध्याकाळी ती चादर घेऊन परत गेली.

गेल्या वर्षीच्या थंडीत आम्ही दोघी कोचीला गेलो. वसईहून गाडीत बसलो. मला प्रवासाची हौस, तिला माझ्याबरोबर येण्याची. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही बोटीत बसायचं ठरवलं. तीसहून जास्त वर्षं समुद्रापासून इतक्या जवळ राहून मी कधी बोटीत बसले नव्हते, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. धक्क्यावर दोन्ही प्रकारच्या बोटी होत्या. एक सैर घडवणारी, दुमजली, रंगीत पताका लावलेली, वर खुर्च्या, गाणी आणि माहिती सांगणारा माणूस. दुसरी रोजच्या लोकांची, लाकडी बाकांची, समोरच्या बेटांवर ने-आण करणारी. मी अर्थात पहिल्या बोटीच्या रांगेत उभी राहिले. खरं सांगायचं तर आयुष्यात एकदा कोणीतरी मला खुर्चीवर बसवावं आणि 'हे बघा, ते बघा' म्हणत काहीतरी दाखवावं, अशी माझी फार जुनी इच्छा होती.

"मी नाय येत यात," हिरा म्हणाली.

"का गं?"

"ही बोट कुठं जातच नाय. गोल फिरवणार नि परत हितंच आणून सोडणार. ती बघ, ती पलीकडं जाते."

"पलीकडे आपलं काय आहे?"

"आपलं काय नाय. लोकांचं हाय."

ती हसून म्हणाली होती. मला मात्र राग आला. दोन दिवसांचा प्रवास, उकाडा, पायाला आलेले फोड, सगळं त्या रागात आलं. मी म्हणाले, "सगळा जन्म खाडीच्या होडीत काढलास, आणि इथे एवढ्या लांब येऊन पुन्हा तेच? त्याच्या बाहेरचं काही बघायची अक्कल तरी आहे का तुला?"

आसपासच्या कोणाला मराठी कळत नव्हती. तिला कळलं. तिने पदर नीट केला, तिचा मोबाइल माझ्या पर्समध्येच होता तो मागितलाही नाही, आणि म्हणाली, "तू जा. तुला बघायचंय ते बघ. सहाला हितंच भेटू." आणि ती त्या दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला वाटलं, वळून बघेल. नाही बघितलं.

मी वरच्या मजल्यावर खुर्चीत बसले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कोणीतरी पाण्याच्या बाटल्या आणून ठेवल्या. गाणी इतकी मोठ्याने लागली होती की माहिती सांगणाऱ्याचं एक अक्षर कळेना. तो हात करील तिकडे सगळे माना वळवत, मीही वळवली. गोदी पाहिली, मोठी जहाजं पाहिली, मासेमारीची ती उंच लाकडी जाळी पाहिली. नवीन लग्न झालेल्या एका जोडप्याने मला त्यांचे फोटो काढायला लावले, तीनदा. एवढ्या माणसांत मी कोणाचीच नव्हते, आणि ते लपवायला मी सारखी पर्स उघडून काहीतरी शोधत होते.

परतताना लोकांची बोट आमच्या अगदी जवळून गेली. हिरा कडेच्या बाकावर बसली होती. तिच्या शेजारी, दुकानात काम करणाऱ्या बायकांची असते तशी गणवेशाची साडी नेसलेली एक बाई होती आणि ती हिराच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती. हिरा ताठ, जराही न हलता, समोर बघत बसली होती. मी उठून कठड्याशी गेले, "हिरा! ए हिरा!" अशी हाक मारली, हात हलवला. गाण्यांत माझी हाक बुडाली असेल, किंवा मान वळवली तर ती बाई जागी होईल म्हणून हिराने वळवली नसेल. बोट गेली. मी हात खाली घेतला. आजूबाजूच्या दोघांनी त्या बोटीत कोण आहे म्हणून वाकून बघितलं, आणि मला उगाच लाज वाटली.

सहा वाजले. साडेसहा झाले. प्रत्येक बोट लागली की मी उतरणारे चेहरे बघत होते. तिला भाषा येत नाही, हातात फोन नाही, हॉटेलचं नाव तरी आठवेल का… सव्वासातला ती आली, पायांना वाळू, चेहरा उजळलेला. त्या झोपलेल्या बाईकडे जड पिशवी होती, म्हणून हिराने पिशवीचा एक कान धरला आणि तिच्या घरापर्यंत गेली. तिथे त्या बाईने चहा दिला, उकडलेला कंद आणि मिरचीची चटणी दिली.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"कोण जाणे. भाषा कुठं येते मला?"

"मी तिकडे एकटी बसले होते, हिरा. तुला अनोळखी बाई चालते, मी चालत नाही."

तिचा चेहरा उतरला. "तू पण यायचं होतंस," एवढंच म्हणाली.

परतीच्या गाडीत आम्ही चहा, पाणी, स्टेशनांची नावं, एवढंच बोललो. घरी आल्यावर तेही कमी झालं. भांडण झालं असतं तर बरं. आम्ही दोघी जिन्यात भेटलो की हसत होतो, आणि ते हसणं कामवालीलासुद्धा खोटं कळत होतं. दोन महिने गेले. माफी मागायची हे मी रोज ठरवत होते आणि रोज वाटत होतं, ती आधी बोलेल.

ती बोललीच. मार्चमधल्या एका दुपारी वीज गेली होती. सगळ्यांची दारं उघडी होती. हिरा येऊन माझ्या उंबऱ्यात बसली, वर्तमानपत्राने वारा घेत. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला सांगू? संध्याकाळच्या होडीत सगळी घरी जाणारी माणसं असतात. त्यांच्यात बसलं ना, की आपण पण घरी चाललोय असं वाटतं. कोणतरी वाट बघतंय असं. म्हणून गेलते मी."

मला तेव्हाच म्हणायला हवं होतं की अगं, मी बघत होते ना तुझी वाट. सव्वा तास, त्या धक्क्यावर उभी राहून. शब्द तयार होते. पण मी म्हणाले, "सरबत घेतेस?" ती "घेते" म्हणाली. सरबत होईपर्यंत वीज आली, पंखा सुरू झाला, आणि आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोलायला लागलो. त्या दिवसापासून येणं-जाणं पहिल्यासारखं झालं. मला वाटलं, मिटलं. आता राहून राहून वाटतं की मिटलं ते तिच्याकडून. माझं वाक्य माझ्याजवळच राहिलं.

दहाव्याला मी मुरब्याला गेले. विधी आटोपल्यावर बायका ओट्यावर बसल्या होत्या. हिराची भावजय, कुसुम, माझ्यासाठी पाट घेऊन आली. शेजारणीला म्हणाली, "ह्या शैलाताई. कोचीनच्या." त्या सगळ्याजणींनी माझ्याकडे ओळखीच्या नजरेने बघितलं. मी गोंधळले.

"ती होडीची गोष्ट ताई किती येळा सांगायच्या आमाला," कुसुम म्हणाली. "तुमी दोघी बसलेल्या, नि ती बाई तुमच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. ताई सांगायच्या, 'शैला बिचारी हलली पण नाय, हात आखडला तरी तशीच बसून रायली.' नि मग पिशवीचा एक कान तुमी धरला, एक ताईंनी. त्या बाईच्या घरी तुमाला चटणी तिखट लागली, डोल्यातना पानी आलं…"

बायका हसल्या. पोरकी माणसं हसतात तशा, डोळे पुसत. मी मान खाली घालून बसले होते. हिरा खोटं बोलणारी नव्हती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत रजेसाठी कधी तिने खोटं कारण दिलं नव्हतं. पण घरच्यांना ती गोष्ट सांगताना, एकदा नाही, कितीतरी वेळा, तिने मला उचलून स्वतःच्या शेजारी बाकावर बसवलं होतं. आपली मैत्रीण आपल्याला सोडून दुसऱ्या बोटीत बसली हे तिला सांगवलं नसेल. की तिला माझं वागणं झाकायचं होतं? की जे हवं होतं, तेच तिला आठवत होतं? आता विचारणार कोणाला…

एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "लय दुखला काय ओ खांदा?"

"हो," मी म्हणाले. "दोन दिवस वर होत नव्हता."

तेराव्यानंतर नितेशने बोईसरला येऊन हिराच्या घरातलं सामान काढायला सुरुवात केली. काय हवं ते घ्या म्हणाला. मी तिचं रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं जुनं यंत्र, स्टेथोस्कोपसकट, मागून घेतलं. दर रविवारी सकाळी ते ती माझ्या टेबलावर मांडायची. माझ्या दंडाला पट्टा बांधायची, नळ्या कानांत घालून डोळे मिटायची, आणि तेवढा वेळ मी बोललेलं तिला चालत नसे. मग नळ्या काढून म्हणायची, "चांगलं हाय." आकडा तिने मला कधी सांगितला नाही. "तुला काय करायचंय आकडा घेऊन? मी हाय ना लक्ष ठेवायला."

रविवारी मी ते उघडते. एका हाताने पट्टा बांधणं अवघड जातं, दातात धरून ओढावा लागतो. नळ्या कानांत घालते, रबरी फुगा दाबते, हळूहळू हवा सोडते. पारा उतरायला लागतो, कानांत माझेच ठोके सुरू होतात, मग थांबतात. आकडा आता मला समोर स्वच्छ दिसतो. तो वाचून झाल्यावरही मी नळ्या कानांत तशाच ठेवून थोडा वेळ बसून राहते.